यादीतली चौथी ओळ

शनिवार, नारळी पौर्णिमेचा आदला दिवस. हजर: आई, बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी जयाआत्या, कासारीण शेवंताबाई, आणि मी, वय एकोणीस. गैरहजर: बाबा. ते बंदरावर होडीला रंगाचा शेवटचा हात देत होते. जागा: अर्नाळ्यातल्या आमच्या घराची पडवी.

हजेरीपासून सुरुवात करायची मला सवय आहे. एका कॉलेजच्या कार्यालयात मी इतकी वर्षं काम करते आहे, आणि कोण होतं, कोण नव्हतं हे आधी लिहून ठेवलं की पुढचे वाद निम्मे मिटतात असा माझा अनुभव आहे. या प्रकरणात मात्र वाद मिटत नाही. त्या शनिवारी पडवीत जे झालं ते मी उघड्या डोळ्यांनी पाहत होते, आणि मला एक गोष्ट माहीत होती जी बाकी कुणी बोलणार नव्हतं. मी तांदूळ निवडत बसले आणि गप्प राहिले.

घरात खोबऱ्याचा वास भरला होता. आत्या करंज्यांचं सारण परतत होती आणि मधूनच झारा हातात घेऊन बाहेर येत होती. दोन महिने बंद असलेली इंजिनं बंदरावर एकेक करून चालू होत होती. एक धडधडलं की दुसरं खोकायचं, मग कुणीतरी शिवी घालायचं, मग सगळे हसायचे. पावसाळ्याचे ते दोन महिने आमच्याकडे सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी एवढंच असतं, आणि श्रावणातल्या पौर्णिमेकडे घरातली मांजरंसुद्धा डोळे लावून बसतात. शेवंताबाईंनी टोपली सोडली, हिरव्या काचेच्या बांगड्यांच्या माळा मांडीवर पसरल्या आणि आईचा डावा हात हातात घेतला. घेतला आणि थांबल्या.

“हिरूबाय, हात भरलाय गो तुझा. एक माप मोठं घाल या वर्षी.”

“माझा माप नाय बदलला,” आई म्हणाली. “लग्नापासून तोच हाय.”

“तेव्हा काडी होतीस. आता बघ जरा आरशात.”

“ऑपरेशन झाल्यापासून आराम जास्ती झालाय, दुसरा काय!” आतून आत्या हसली. “आयता खाऊन हात नाय भरनार तर काय?”

आईही हसली. ऑपरेशन हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे, आत्याने तो करंजीच्या सारणात मिसळून टाकला म्हणून तिला बरं वाटलं असावं. मे महिन्याच्या शेवटी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात आईचा डावा स्तन काढला होता आणि त्याबरोबर डाव्या काखेतल्या गाठी. स्तन काढला हे मला समजलं होतं. काखेतल्या गाठी म्हणजे रोगाच्याच गाठी, गेल्या ते बरं झालं, असं मी धरून चालले होते. शरीरात मुळातच गाठी असतात, त्या कामाच्या असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात त्यावर एक छोटा परिच्छेद आणि एक आकृती होती. बाईंनी ते पान उलटताना सांगितलं होतं की हे परीक्षेला येत नाही.

शेवंताबाईंनी साबणाचं पाणी मागितलं. आईचा हात साबणाने मऊ केला, अंगठा तळव्यात दुमडला आणि दाबून दाबून एकेक बांगडी चढवली. दर बांगडीला आईच्या ओठांची रेघ बारीक होत होती. नऊ बांगड्या. एकही फुटली नाही. आईने शेवंताबाईंना नमस्कार केला, शेवंताबाईंनी तिला सौभाग्याचा आशीर्वाद दिला, आणि मी निवडलेले तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले.

आता ज्या गोष्टीबद्दल मी गप्प होते ती सांगते. इस्पितळातून निघताना तिथल्या सिस्टरनी सूचना भराभर सांगितल्या आणि मी त्या वहीत उतरवून घेतल्या. नऊ होत्या. डाव्या हातावर सुई नको, ब्लडप्रेशरचा पट्टा नको, जड उचलणं नको. चौथी: डाव्या हातात बांगडी, अंगठी, घट्ट काहीही नको. पाचवी: कापणं, भाजणं, काटा टोचणं टाळायचं, मासे साफ करताना रबरी हातमोजा. असं नवापर्यंत. घरी येऊन मी कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात स्वच्छ प्रत करायला बसले. आई शेजारी बसून पाहत होती. चौथ्या ओळीशी आले तेव्हा ती म्हणाली, “ही नको लिहू. आता हातात बांगड्याच नाहीत, तुझा बाबा घरी हाय. नाय त्या गोष्टी लिहून भिंत कशाला भरवायची?”

आमच्या कोळ्यांत लग्नात बायकोच्या उजव्या हातातल्या बांगड्या समुद्राला देतात. समुद्राने त्या घेतल्या की नवऱ्याला सांभाळणं त्याच्याकडे लागतं. तेव्हापासून उजवा हात मोकळा आणि डावा भरलेला. डाव्या हातातल्या काढायच्याच झाल्या तर नवरा जमिनीवर हवा, असा आमच्या घरातला नियम होता. ऑपरेशनच्या दिवशी बाबा त्या बांगड्या रुमालात बांधून शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर सात तास बसले होते, आणि चहा प्यायलासुद्धा उठले नव्हते. त्यानंतर मासेमारी बंदच होती, बाबा घरी होते, आईचा हात मोकळा होता. तेव्हा तिचं म्हणणं मला पटलं. जे लागू नाही ते यादीत ठेवू नये, हे माझं तेव्हाही तत्त्व होतं. मी चौथी ओळ गाळली, पाचवीला चार नंबर दिला आणि आठ ओळींची सुबक यादी चुलीमागच्या भिंतीवर लावली. इतकी सुबक की तिच्यात काही कमी आहे असं कुणाला वाटलंच नसतं. बाबा रोज सकाळी ती वाचायचे, बोट ठेवून, मोठ्याने, आणि आईकडून पाळून घ्यायचे. “तीन नंबर! पाण्याचा हंडा खाली ठेव!” असा त्यांचा आवाज शेजारीपाजारी ऐकू जायचा.

पौर्णिमेला नारळ दिला. सोमवारी होड्या निघाल्या. बाबा बुधवारच्या संध्याकाळच्या भरतीला परत येणार होते. जाताना त्यांनी आईच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, “आता कसा घर भरल्यासारखा वाटतंय.” यादी त्यांच्या पाठ होती. तिच्यात बांगड्यांचं नाव नव्हतं.

मंगळवारी शेजारच्या होडीचा पहिला म्हावरा आला आणि आई दोन महिन्यांच्या भुकेने साफ करायला बसली. रबरी हातमोजा बांगड्यांवरून चढेना, म्हणून तिने तो काढून पाटावर ठेवला. शिंगाळ्याचा काटा डाव्या अंगठ्यात गेला. तिने अंगठा चोखला, हळद लावली आणि पुढचा मासा घेतला. आयुष्यात तिला असे हजार काटे लागले होते. आम्ही पोटभर जेवलो. त्या जेवणाची चव मला अजून आठवते, आणि ती आठवली की मला स्वतःची शरम वाटते.

बुधवारी सकाळी आई उठली नाही. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती दात वाजतील इतकी थरथरत होती आणि अंग इतकं तापलं होतं की माझा हात आपोआप मागे आला. मी गोधडी बाजूला केली. तो हात आईचा आहे हे मला क्षणभर कळलंच नाही. मनगटापासून खांद्यापर्यंत लाल, तकतकीत, कातडी ताणून फुटेल अशी. अंगठ्यापासून वरपर्यंत लाल रेघा ओढलेल्या. आणि मनगटाच्या वर मांस दोन्हीकडून इतकं चढलं होतं की नऊ बांगड्या त्यात बुडाल्या होत्या. हिरवी कड तेवढी दिसत होती. बोटांची टोकं निळसर. काल संध्याकाळी ह्याच हाताने तिने मला वाढलं होतं. एका रात्रीत माणसाचा हात असा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं, आणि आजही, इतकी वर्षं त्या हाताची काळजी घेऊन, मला ते पूर्णपणे खरं वाटत नाही.

आत्या आणि मी तिला रिक्षात घातलं. आगाशी, बोळिंज, विरार. तेव्हा बोळिंजला एवढे टॉवर नव्हते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताचं पाणी होतं. आज मी त्याच रस्त्यावरच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते, आणि खिडकीतून रिक्षा जाताना दिसली की कधीकधी उगीच मागे मोजते, आत किती माणसं आहेत.

विरारच्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिने हात पाहिला, काखेतला व्रण पाहिला आणि माझ्याकडे वळली. “नोड्स काढलेत ना यांचे? मग बांगड्या कुणी घातल्या?”

मी ऑपरेशनची फाइल तिच्यापुढे धरली.

“सलाईन उजव्या हाताला लावा,” ती सिस्टरला म्हणाली. “आणि ह्या आधी काढा. साबणाने नाही निघणार, फोडाव्या लागतील.”

तो शब्द ऐकून आत्याने कानावर हात ठेवले. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणतसुद्धा नाहीत, वाढवली म्हणतात. आईला तापात कितपत ऐकू येतंय याची मला शंका होती, पण तिने सुजलेला हात छातीशी ओढून घेतला. “नाय. हिचा बाबा समुद्रात हाय.”

“काकी, बोटांना रक्त मिळत नाहीये.”

“सांजच्याला होडी लागंल. मग काढा. दोन वेळा काढा. आता नाय.”

“ताई, तुम्ही समजवा यांना,” डॉक्टरीण मला म्हणाली. “संध्याकाळपर्यंत थांबलो तर हाताचं मी काही सांगू शकत नाही.”

आत्या माझ्याकडे पाहत होती. तिच्या भावाचा जीव एकीकडे आणि भावजयीचा हात दुसरीकडे, आणि दोन्हीच्या मध्ये मी. आत्या एवढंच म्हणाली, “मना नको इचारू गो पोरी.” मी खोलीबाहेर आले. कॉरिडॉरमध्ये टेलिफोनपाशी उभी राहिले. मी कुणालाही फोन केला नाही. बंदरावर ज्यांच्याकडे फोन होता त्यांना बाबांच्या होडीचं तेवढंच माहीत असणार होतं जेवढं मला. मी शंभर आकडे मोजले. मग आत गेले आणि आईच्या कानाशी वाकून म्हणाले, “आये, बंदरावरून फोन आला. बाबांची होडी लागली. लवकर आले ते.”

आईने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने हात पुढे केला.

सिस्टरने बांगड्यांखाली सरकेल तेवढी गॉजची पट्टी सरकवली आणि चिमट्याने एकेक बांगडी तोडली. प्रत्येक वेळी बारीकसा आवाज व्हायचा आणि आत्या दचकायची. मी मोजत होते. नऊ झाल्या तेव्हा मनगटावर नऊ खोल रेघा होत्या, त्यातल्या दोन रक्ताळलेल्या. मी तुकडे गोळा केले, सगळे, फरशीवरचेसुद्धा, आणि पिशवीतल्या बिस्किटांच्या डब्यात टाकले. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. फेकायचे कुठे हे ठरलं नव्हतं, एवढंच.

संध्याकाळची भरती आली आणि गेली. बाबांची होडी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा ताप उतरायला लागला होता. तिला माझं खोटं कळलंय की नाही हे मला समजेना, आणि विचारायची हिंमत नव्हती. ती डॉक्टरणीला विचारत होती, “एवढासा काटा आन एवढा?” डॉक्टरीण दमली होती, तरी तिने स्टूल ओढलं आणि केसपेपरच्या पाठीवर एक माणूस काढला. रक्त हृदयाकडून सगळीकडे जातं, ती म्हणाली, आणि जाता जाता त्यातलं थोडं पाणी बारीक नळ्यांमधून मांसात झिरपतं. बरंचसं शिरांमधून परत जातं, थोडं मागे उरतं. ते उरलेलं गोळा करणाऱ्या वेगळ्याच वाहिन्या असतात, केसासारख्या, सगळ्या अंगभर. तिने दंडाच्या आत रेघा काढल्या. त्यांना ढकलायला हृदय नसतं. हात हलवला, श्वास घेतला की ते पाणी पुढे सरकतं, आणि आत झडपा असतात त्यामुळे मागे येत नाही.

“म्हणजे उघाडी,” आई म्हणाली. खाडीच्या बांधाला असते ती लाकडी झडप, ओहोटीला उघडते, भरतीला आपोआप मिटते. डॉक्टरणीला उघाडी माहीत नव्हती. आईने तिला डाव्या हाताची सुजलेली बोटं जराशी हलवून दाखवली, आणि डॉक्टरीण म्हणाली, “हो, तशीच.”

मग तिने काखेत, मानेत, जांघेत ठिपके काढले. ह्या गाठी. सगळ्यांना असतात. वाहिन्यांमधलं पाणी ह्यांच्यातून गाळून जातं, जंतू इथे अडकतात आणि पांढऱ्या पेशी त्यांना मारतात. शेवटी गळ्याच्या हाडामागे ते पाणी परत रक्तात पडतं. दोन्ही पायांचं, पोटाचं आणि डाव्या अंगाचं सगळं मिळून डावीकडे येतं. उजवीकडे फक्त उजवा हात आणि उजव्या बाजूची छाती, मान, डोकं. मी त्या कागदाकडे पाहतच राहिले. आपलं शरीर दोन्ही बाजूंनी सारखं असतं असं मी समजत होते. माझ्या आत जन्मापासून एक अख्खी वाहती व्यवस्था होती, आणि एकोणीस वर्षांत मी तिचं नाव एकदा वाचून पान उलटलं होतं.

“डोल,” आई पुन्हा म्हणाली. डोल म्हणजे आमचं समुद्रातल्या भरती-ओहोटीच्या ओढीत रोवून ठेवलेलं जाळं; त्याला कुणी ओढत नाही, पाणी आपल्या जोरावर आतून जातं आणि मासळी मागे राहते. “तुमी माझ्या काखेतल्या डोली काढून नेल्या. आता पानी तुंबनार, आन जो कचरा येईल तो तिथंच कुजनार.”

“काकी, माझ्या प्रोफेसरपेक्षा चांगलं सांगितलंत,” डॉक्टरीण म्हणाली. “आणि त्या तुंबलेल्या पाण्याला तुम्ही वरून बांगड्यांचा बांध घातलात. हे डिस्चार्जच्या वेळी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?”

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. “सांगितला होता,” ती म्हणाली. “मीच नाय ऐकला.”

बाबा दुपारी आले. होडीच्या पंख्यात जाळं अडकलं होतं, दुसऱ्या होडीने ओढत आणलं होतं. अंगाला डिझेलचा आणि मासळीचा वास, पायात चप्पल नाही. ते दारात उभे राहिले आणि त्यांची नजर सरळ आईच्या डाव्या मनगटावर गेली. मग त्यांनी उजव्या हाताने स्वतःचा दंड चाचपला, जणू आपण आहोत ना याची खात्री करून घेत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. चौथी ओळ, आठ ओळींची यादी, बांगड्या, टेलिफोन. क्रमाने सांगितलं, दुसरं मला काही येत नाही.

ते आईच्या खाटेच्या कडेला बसले. मग म्हणाले, “रोज वाचत होतो मी ती यादी.” आणि थोड्या वेळाने: “मना इचारला असता तर मी सांगितला असता. समुद्राला माझा काय सांगायचा तो माझा मी सांगितला असता. तिचा हात कशाला मधे?”

“आता ओरडू नको तिच्यावर,” आई म्हणाली.

“आये,” मी म्हणाले, “मी खोटं बोलले तुझ्याशी. होडी लागली नव्हती.”

“मना तेव्हाच कळला. तुझ्या बापाची होडी खरंच लागली असती तर तू धावत आली असतीस. तू चालत आलीस.”

मला बसायला जागा सापडेना. तिला माहीत होतं. नवरा समुद्रात आहे, होडी लागलेली नाही, हे माहीत असताना तिने हात पुढे केला होता. त्या क्षणापर्यंत मी समजत होते की निर्णय मी घेतला. हे लिहितानाही पेन थांबतं.

“मग का दिलास हात?” बाबांनी विचारलं.

“पोरगी एकटी पडली होती,” आई म्हणाली. एवढंच.

घरी आल्यावर मी नवी यादी केली, नऊ ओळींची. चौथी लाल शाईने. आईने त्यातून मार्ग काढला तो असा: आता बांगड्या उजव्या हातात घालायच्या. पण उजव्या हातातल्या समुद्राकडे दिलेल्या, तेव्हा त्या परत मागायच्या आणि बदल्यात डाव्या हातातल्या द्यायच्या. तुकडे का होईना, नऊच्या नऊ. बाबा म्हणाले, चल, उद्याच देऊन येतो. आई म्हणाली, “तू नाय. जी खोटं बोलली तिनंच द्यायच्या. आन देताना समुद्राला खरा काय झाला ते सांगायचा.”

आज बाबांनी होडी विकून बरीच वर्षं झाली. ते माझ्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात आणि हवामानाच्या बातम्यांना नावं ठेवतात. रोज सकाळी मी आईचा डावा हात उशीवर ठेवते आणि बोटांपासून खांद्याकडे हात फिरवते, अगदी हलका, पापणीवरून फिरवावा तसा. जोर लावला की त्या केसासारख्या वाहिन्या दबतात. मग डॉक्टरांनी मापाने दिलेला, सगळ्या हातावर सारखा दाब देणारा तिचा घट्ट मोजा चढवते. उजव्या हातात तिच्या हिरव्या बांगड्या किणकिणत असतात. त्यांना ती अजून उसन्याच म्हणते.

माझ्या वहीत रोजच्या कामांचं पान आहे. मोजा धुणे, मलम, बाबांच्या गोळ्या, गॅस. ही कामं रोज पूर्ण होतात आणि मी त्यांच्यावर खूण करते. खाली एक काम आहे जे मी प्रत्येक नव्या वहीत उतरवून घेते. त्यासाठी रिक्षाने अर्धा तास पुरेल. बिस्किटांचा डबा कपाटात वरच्या फळीवर आहे, नऊ बांगड्यांचे तुकडे त्यात आहेत, मी दोनदा मोजून पाहिले. एकदा मी डबा घेऊन किनाऱ्यावर उभी राहून परतही आले. खरं काय झालं ते सांगायला तोंड उघडलं, आणि सुरुवात शनिवारच्या पडवीपासून करायची की त्याआधीच्या कॅलेंडरपासून, तेच ठरेना.

या नारळी पौर्णिमेला आईने पुन्हा विचारलं, “दिल्यास?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि मोजा चढवायला डावा हात पुढे केला.